दोघांनी सांगितलं तर खरं

आधी त्या चष्मा काढायच्या. पदराने एक काच पुसायच्या, मग दुसरी, मग चष्मा पुन्हा नाकावर ठेवायच्या आणि समोरच्याकडे बघून विचारायच्या, "हे तुले कोणं सांगतलं?"

मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले तो मे महिना होता. नागपुरातला मे. जिना चढून घामाघूम झाले होते आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आज फार ऊन आहे, मॅडम." त्यांनी चष्मा काढला. पुसला. "कोणं सांगतलं?" त्या उठल्या, खिडकी उघडली, हात बाहेर काढून बघितला आणि खिडकी लावत म्हणाल्या, "हं. आहे."

असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. मेथीची जुडी नाकाशी धरल्याशिवाय घेत नाही, लग्नाची पत्रिका आली की फोन करून तारीख विचारून घेतं. आमच्या मॅडम या सगळ्यांच्या वरताण होत्या. ऑफिसातल्या घड्याळावर त्यांचा भरवसा नव्हता, लिफ्टवर नव्हता, आणि माझ्यावर तर मुळीच नव्हता.

माझ्यावर नसण्याला कारण होतं. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. विम्याच्या आणि पेन्शनच्या गणिताच्या परीक्षा देत होते. उन्हाळ्यात कुठेतरी शिकाऊ म्हणून काम करायचं होतं आणि नागपुरात असं काम करणारं ऑफिस शोधूनही सापडत नव्हतं. हे एक सापडलं, धंतोलीत, खाली दाताचा दवाखाना, वर आम्ही. कंपन्यांनी आपल्या माणसांना पुढे जी ग्रॅच्युइटी द्यायची असते तिचा अंदाज आजच काढून देणं हे तिथलं काम. कोण किती वर्षं टिकेल, कोण मध्येच सोडेल, कोण निवृत्तीपर्यंत जगेल, याचं गणित. सही करणारे मोठे सर पुण्याला बसत. नागपुरात मॅडम, मी आणि चहा आणणारे एक काका, एवढाच कारभार.

मला तिथे चिकटवलं माझ्या मामाजींनी, आईच्या भावाने. ते वाडीला, अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मॅनेजर. त्यांच्या कंपनीने त्याच वर्षी आमच्या ऑफिसला काम दिलं होतं. मामाजींनी शब्द टाकला, पुण्याच्या सरांनी नव्या गिऱ्हाइकाचं मन राखलं आणि मॅडमच्या टेबलाशेजारी माझी खुर्ची लागली.

"तुले इथं कोणं पाठवलं?" मॅडमनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला नाही. नुसतं "हं" म्हणाल्या. त्या "हं"चा अर्थ मला लगेच कळला. तू त्यांची माणूस.

मग मीही मनात अढी धरली. त्या फोनवर बोलताना मी आले की आवाज खाली जायचा. मी डबा उघडला की विचारायच्या, "मामाकडे राहतेस का?" नाही, मी प्रतापनगरला आईवडिलांकडे राहते, असं सांगितलं तर दोन दिवसांनी पुन्हा तेच. माझ्या उत्तरात फरक पडतो का बघत असाव्यात. मला वाटायचं, ही बाई माझ्या सर्टिफिकेटवर काहीतरी वाकडं लिहिणार आहे. आईला तसं सांगितलंही. आई म्हणाली, "लिहू दे. तू सरळ राहा."

त्यांचा एक नियम होता. एकाने सांगितलं ते ऐकायचं. एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी एकच सांगितलं, तर ते खरं धरायचं. हा नियम त्या सगळीकडे लावायच्या. काकांनी येऊन सांगितलं, "मॅडम, खाली रस्ता बंद आहे." मॅडम खिडकीतून रसवंतीवाल्याला ओरडून विचारणार, "रस्ता चालू आहे का गा?" तोही बंद म्हणाला की मग त्या पर्स उचलून मागच्या गल्लीने जायच्या. धंतोलीत रस्ता नेहमीच बंद असतो, रुग्णवाहिका आणि नातेवाइकांच्या गाड्या, पण त्यांना दोघे लागत.

आणि एवढ्या संशयी बाई, पण "मेला" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. आमच्या गणितात रोज माणसं मरतात. त्याशिवाय ते गणितच होत नाही. मी सहज म्हणून जायचे, "मॅडम, या वयाचे एवढे मरतील." त्या खिडकीकडे बघायच्या. खाली विदर्भातल्या कुठल्या कुठल्या गावांहून आलेली माणसं फाईल छातीशी धरून दवाखाने शोधत असायची. "हळू बोल वं," त्या म्हणायच्या. "खाली ऐकू जाते." खाली ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी मी हळू बोलू लागले.

एकदाच त्या माझ्यावर मनापासून हसल्या. एका तालुक्याच्या शिक्षणसंस्थेचं काम आलं होतं. मी माहिती तपासत होते आणि बघते तो काय, निम्म्या मास्तरांचा जन्म एक जुलैचा. मला वाटलं, मी घबाड पकडलं. तावातावाने मॅडमकडे गेले. म्हटलं, ही सगळी खोटी माहिती आहे, एवढी माणसं एकाच तारखेला जन्माला येत नसतात.

त्या हसून हसून लाल झाल्या. "अवं बाई, तू शहरातली. गावात पोरगं शाळेत टाकाले नेलं की गुरुजी विचारे, जन्म कधीचा? माय म्हणे, पऱ्हाटीचा कापूस येचाले आला होता तेव्हा. मग गुरुजीच टाके एक जुलै. त्यात कोणाची लबाडी नाही. गुरुजीची तारीख म्हणतात तिले."

मग चष्मा पुसत म्हणाल्या, "माही बी एक जुलै आहे. माय म्हणायची, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाली. लोकायचे पोरं लाकडाचे बैल घेऊन फिरून राहिले होते आणि तिच्या पोटात कळा. आता सांग, माही स्वतःचीच तारीख खोटी. मी दुसऱ्याची कशी खरी मानू?"

त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा आवडल्या. अढी गेली नाही, पण सैल झाली.

आणि त्या दिवशी शिकलेल्या धड्यानेच मी पुढे आपटले. मामाजींच्या कंपनीची माहिती आली. हमाल, ड्रायव्हर, गोदामातले कारकून. जन्मतारखा वेगवेगळ्या होत्या, पण नोकरीला लागल्याची तारीख जवळजवळ सगळ्यांची एक. एक एप्रिल, तीनच वर्षांपूर्वीची. मी आता शहाणी झाले होते. मनात म्हटलं, ही गुरुजींची तारीख. कोणालाच नक्की आठवत नसेल, ऑफिसने एक टाकून दिली. शेरा मारला "माहिती स्वच्छ" आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून दिली.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. चष्मा दोनदा पुसला.

"हे तुले कोणं सांगतलं, स्वच्छ आहे म्हणून?"

"गुरुजींची तारीख, मॅडम. तुम्हीच सांगितलं होतं."

"गुरुजी शाळेत असते वं. गोडाऊनात गुरुजी नसते."

मी वाद घातला. तारखेने असं काय बिघडतं? त्यांनी शांतपणे समजावलं. ग्रॅच्युइटी मिळायला सलग पाच वर्षं नोकरी लागते, आणि ती मिळते नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने. जुन्या माणसाची तारीख नवी केली की त्याची मागची सगळी वर्षं पुसली जातात. वर्षभरात निवृत्त होणाऱ्याला तर काहीच मिळत नाही. "म्हणून विचारून राहिली, ही माणसं नवीन आहेत का जुनी?"

मी म्हटलं, कंपनीला पत्र लिहून विचारू. त्या म्हणाल्या, "ज्यानं तारीख टाकली त्यालेच विचारू? चाल. स्कार्फ बांध."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीला गेलो. कंपनीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर बसलो. ट्रक मागेपुढे करत होते, धूळ चहात पडत होती आणि मी तोंडभर स्कार्फ गुंडाळून मामाजींच्या केबिनच्या खिडकीकडे पाठ करून बसले होते. मला मॅडमचा राग येत होता. ज्या माणसाने मला हे काम मिळवून दिलं, त्याच्याच दाराशी मी चोरासारखी बसले होते.

एक हमाल चहाला आला. पन्नाशीचा असेल. गमछा काढून त्याने तोंड पुसलं तेव्हा मानेवर, खांद्यांच्या मधोमध, लिंबाएवढी गाठ दिसली. मॅडम म्हणाल्या, "मानेले काय झालं हो भाऊ? दाखवलं का कोणाले? मी धंतोलीची आहे."

धंतोलीची म्हणजे दवाखान्यातली, विदर्भात दुसरा अर्थ होत नाही. तो माणूस लगबगीने पुढे आला, डॉक्टरीणबाईसमोर मान वाकवून उभा राहिला. आपण डॉक्टर आहोत असं मॅडम कुठे म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी बोटाने गाठ हलकेच दाबून बघितली.

"हे बिमारी नोय बाई," तो म्हणाला. "पोत्याची गाठ आहे. दुखत नाही आता. नवं पोरगं कामाले आलं की त्याची मान सोलते, रगत निघते. गाठ याले लई वर्षं लागते."

"इथंच लागली?"

"इथंच. या गेटात."

"कामाले लागले तेव्हा पोरगी केवढी होती?" त्या तारीख विचारत नसत. तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही, लेकरू केवढं होतं ते राहतं.

तो हसला. "पोरगी? तवा तं मायं लगन बी नोतं झालं. आता नातू खेळते घरी. मंधात मालकानं बोर्ड बदलला, नवं नाव टाकलं, आमच्या सह्या घेतल्या. काम तेच, पोतं तेच."

त्यांनी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि गाठीला खोबरेल तेल लावा, असं सांगितलं. परतताना रिक्षात म्हणाल्या, "एकानं सांगतलं. अजून खरं नाही."

दुसरा कोण, ते मला कळत होतं. त्यांनी तोंडाने म्हटलं नाही, म्हणून मला अधिकच कळत होतं.

रविवारी मी मामाजींकडे जेवायला गेले. मामीने आंब्याचा रस केला होता. गुडघे दुखतात म्हणून तिने ताटं खाली न मांडता टेबलावर घेतली होती. बोलता बोलता म्हणाली, पुढच्या वर्षी हे निवृत्त झाले, ग्रॅच्युइटी हातात आली की गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊ, धंतोलीतला डॉक्टर बघून ठेवलाय. मामाजी रसात पोळी बुडवत होते. मी विचारलं, "मामाजी, तुमच्या गोदामातली माणसं खरंच तीनच वर्षांची आहेत?"

पोळी रसात तशीच राहिली.

"मले काहून विचारून राहिली? मालकाले विचार."

"तुम्हीच भरलीय ना ती माहिती?"

त्यांनी बोटं ताटाच्या काठाला पुसली. मग म्हणाले, "मीच भरली बेटा. मालकानं सांगतलं तशी भरली. माही बी तेच तारीख टाकली. मी वेगळा कसा राहू?"

मामी वाढता वाढता थांबली. "कोणती तारीख?" तिने विचारलं. तिने पुन्हा विचारलं, "कोणती तारीख हो?" मामाजी उठून हात धुवायला गेले.

मला रात्रभर काही सुचलं नाही. सांगावं तर मामाजींची नोकरी जाणार, न सांगावं तर त्यांची सगळी वर्षं जाणार, आणि त्या गाठवाल्याचीही. सोमवारी मॅडमसमोर बसले. सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, हातातच धरून ठेवला.

"त्या हमालाचं आणि तुह्या मामाचं या गोष्टीवर बोलणं झालं होतं?"

"नाही."

"मग दोघांनी सांगतलं," त्या म्हणाल्या. "खरं आहे."

अहवालात त्यांनी एक वाक्य घातलं. नोकरीच्या तारखा प्रत्यक्ष चौकशीशी जुळत नाहीत, या हिशेबावर विसंबू नये. पुण्याचे सर फोनवर चिडले. कंपनी देईल ती तारीख घ्यायची, आपण काय पोलीस आहोत का? "पोलीस नाही सर," मॅडम म्हणाल्या, "पण आंधळी बी नाही. वाक्य काढायचं असन तं माहं नाव बी काढा." सरांनी दोन दिवस घेतले आणि वाक्य राहू दिलं.

त्यानंतर मालकाचा फोन आला. मॅडम कागद चाळत बोलायच्या, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला असायचा. मी शेजारीच होते. पलीकडून आवाज आला, "मॅडम, आमच्या आतल्या गोष्टी तुम्हाला कोणी सांगितल्या?"

आयुष्यभर त्यांनी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता. त्यांनी चष्म्याला हातही लावला नाही.

"कोणं नाही सांगतलं. मी पाह्यलं. तुमच्या गेटासमोर बसून पाह्यलं."

"तुमच्यासोबत मुलगी होती एक. आमच्या मॅनेजरची भाची तुमच्याकडे आहे, मला माहीत आहे."

"मी एकटी गेली होती," मॅडम म्हणाल्या. "एकटीच होती मी."

फोन ठेवून त्या पुढच्या कामाला लागल्या. मला रडू येत होतं. संध्याकाळी निघताना धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही खोटं काहून बोलल्या?" त्यांच्यासोबत राहून माझीही भाषा सुटली होती.

त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला. "मी खोटं बोलली? तू होती काय वं वाडीले? कोणं सांगतलं तुले?"

माझ्या सर्टिफिकेटवर त्यांनी लिहिलं, "विचारलेलं काम करते. न विचारलेलंही विचारते." आईने ते देवघराशेजारी लावलंय.

ते वाक्य त्या कंपनीच्या लेखापरीक्षकांनी वाचलं आणि अडून बसले. जुनी कागदपत्रं मागितली. शेवटी जुन्या माणसांच्या जुन्या तारखा परत लागल्या. ट्रान्सपोर्टवाल्यांनी पुढच्या वर्षी काम दुसरीकडे दिलं, आणि काही महिन्यांत पुण्याच्या सरांनी नागपूरचं ऑफिस बंद केलं. मी सुट्टीत गेले तेव्हा आमच्या जागी फिजिओथेरपीचा बोर्ड होता. मॅडमचा फोन लागत नव्हता. चहावाले काका म्हणाले, मॅडम छिंदवाड्याला बहिणीकडे गेल्या. रसवंतीवाला म्हणाला, रायपूरला नोकरी लागली त्यांना. दोघांनी दोन सांगितलं, म्हणून मी कोणाचंच खरं धरलं नाही. अजूनही शोधते आहे.

मामाजी यंदा निवृत्त झाले. मामीचं एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याच डॉक्टरकडे. तिला बघायला दवाखान्यात गेले होते. मामी झोपली होती, मामाजी स्टुलावर बसून संत्र्याच्या फोडींची सालं काढत होते. मान वर न करता म्हणाले, "बेटा, तुमच्या त्या मॅडम कुठं आहेत आता?"

माहीत नाही म्हटलं.

"मालकानं मले बी बोलावलं होतं तेव्हा. विचारे, टपरीवर कोण कोण बसलं होतं? मी तं खिडकीतून पाह्यलं होतं. तू स्कार्फ बांधला होता, पण बसणं तुह्या मायचंच. मी सांगतलं, एकच बाई होती साहेब. एकटीच होती." एक फोड त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "तिकडून मॅडमनं बी तेच सांगतलं म्हणे. मग मालक काही बोलला नाही."

मॅडम आणि मामाजी एकमेकांना कधी भेटले नाहीत. फोनवरही बोलले नाहीत. दोघांनी वेगवेगळं, न ठरवता, एकच सांगितलं, आणि त्या माणसाने ते खरं धरलं.

हे मला मॅडमना सांगायचं आहे. त्या चष्मा काढतील, एक काच पुसतील, मग दुसरी. मग विचारतील कोणं सांगतलं म्हणून, आणि या वेळी माझ्याकडे सांगायला एकच माणूस आहे.